सातवीचा चंद्र आणि बी.एड.ची ई-आशय फाईल

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे ‘ई-आशय निर्मिती’ नावाचं प्रात्यक्षिक असतं. विद्यापीठ बदललं की त्याचं नाव, गुण आणि नमुने बदलतात, पण गाभा तोच: पाठ्यपुस्तकातला एक घटक घ्यायचा, त्यावर डिजिटल साहित्य स्वतः तयार करायचं आणि शाळेत वापरून दाखवायचं. आमच्या नोटिशीत आठ ते दहा मिनिटांचा व्हिडिओ, त्याची संहिता, स्वाध्यायपत्रिका, चाचणी, शाळेत वापरल्याचा अहवाल, दोन तज्ज्ञांच्या सह्या आणि शेवटी सीडी एवढं मागितलं होतं. नोटीस लागली जुलै 2023 च्या शेवटी. त्या दिवशी वर्गात जो तो एकच विचारत होता, ‘ॲनिमेशन कुणाला येतं का गं?’

आता सगळं पार पडलंय म्हणून सांगते, ॲनिमेशनवाचून आमच्यात कुणाचंच अडलं नाही. महिने गेले ते मराठी टायपिंगमध्ये, आवाजात, चित्रांच्या हक्कांमध्ये, शाळेतल्या टीव्हीपुढे आणि सह्यांच्या मागे. पुढच्या बॅचचे मेसेज सारखे येतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. माझी अध्यापन पद्धती, म्हणजे शिकवायला निवडलेला विषय, भूगोल. कॉलेज सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. हाताशी दादाचा जुना लॅपटॉप आणि माझा साधा अँड्रॉइड फोन.

विषय द्यायला ऑगस्टअखेरची मुदत होती. मी ‘वारे’ घेणार होते. 23 ऑगस्टला संध्याकाळी चांद्रयान-3 उतरलं, आम्ही ते कॉलेजच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सराव पाठाला गेले तर सातवीची पोरं चंद्राशिवाय दुसरं काही बोलेनात. तिथून पृथ्वी केवढी दिसते, यान अमावस्येला उतरवलं असतं तर अंधारात पडलं असतं का, असलं सगळं. सातवीच्या भूगोलात ‘सूर्य, चंद्र व पृथ्वी’ हा पाठ आहेच. त्यातल्या चंद्रकला फळ्यावर शिकवताना सगळ्यांचीच दमछाक होते, कारण दाखवायची असते हालचाल आणि हातात असतो खडू. विषय बदलून टाकला.

मग विषयमंजुरीचं पत्रक. तीन प्रती, तीन सह्या: मार्गदर्शक, पद्धतीप्रमुख, प्राचार्य. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी लगेच सही केली, पण पुढच्या दोन सह्यांच्या मध्ये गणपती आले. 19 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, त्यामुळे पत्रक हातात पडायला महिना संपला. मॅडमनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, ‘मंजुरीची वाट बघत बसू नकोस, संहिता लिहायला घे.’ हा सल्ला मी जसाच्या तसा पुढे देते.

त्या पत्रकात एक रकाना होता, ‘उपलब्ध साहित्याचा आढावा’. बहुतेक जण तो दोन ओळींत उरकतात. पण उरकू नका, कारण तोंडी परीक्षेत तिथूनच प्रश्न येतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षावर जाता येतं. हे पोर्टल 2017 साली सुरू झालं. तिथलं पाहिलं, यूट्यूबवरचं पाहिलं, नासाचा दर वर्षीचा चंद्रकलांचा व्हिडिओ पाहिला. नासाचा तर फारच देखणा आहे. पण बहुतेक ठिकाणी चंद्राची कोर ताठ उभी. आपल्या अंगणातून दिसणारी कोर तशी कुठे असते? ती बहुतेक वेळा कललेली असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तर जवळजवळ आडवीच. आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून असं. पुस्तकातला चंद्र आणि घरचा चंद्र जुळत नाही म्हटल्यावर मूल गप्पच बसतं. आढाव्यात मी हेच लिहिलं आणि माझ्या व्हिडिओला तिथे जागा सापडली.

संहितेचा तक्ता चार रकान्यांचा: दृश्य क्रमांक, चित्र, निवेदन, वेळ. वेळेचा अंदाज बसवायला एक हिशोब उपयोगी पडला. सावकाश, मुलांना कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्दच होतात. म्हणजे आठ मिनिटांना हजाराच्या आत. पहिल्या खर्ड्यात आम्ही सगळ्यांनीच पाठ्यपुस्तक ओतलं होतं. माझ्या मॅडमनी निवेदनाच्या रकान्यावर लाल पेनाने एकच वाक्य लिहून कागद परत दिला: ‘चित्र बोलत असेल तिथे तू बोलू नकोस.’ ऑक्टोबरभर कापाकापी चालली.

त्यातच 28 ऑक्टोबरला कोजागरी आली आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दूध कधी आटवायचं यावरून आमच्या आळीत वाद झाले. ग्रहण रात्री एकनंतरचं होतं, तरी पोरं जागली. सोमवारी वर्गात एकाने विचारलं, ‘मॅडम, सावलीनं जरासा चंद्र गेला तर अष्टमीला अर्धा जातो तो पण सावलीनंच ना?’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. कला म्हणजे पृथ्वीची सावली, हा समज मोठ्या माणसांतही सर्रास आढळतो. मी संहितेचा मधला भाग काढून टाकला आणि सगळा व्हिडिओ या एका प्रश्नाभोवती फिरवला. मंजूर संहिता बदलली म्हणून पुन्हा एक सही लागली, ती लागू दे म्हटलं.

आता टायपिंग. ज्यांना डिजिटल साहित्य म्हणजे कॅमेरा आणि सॉफ्टवेअर वाटतं, त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा. कॉलेजच्या लॅबमध्ये जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट होते. तिथे टाइप केलेली संहिता घरी उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ. त्यामुळे सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड येत नसेल तर फोनवर बोलून लिहा आणि मग दुरुस्त करा. दुसरी अडचण मोबाईलच्या एडिटिंग ॲपमध्ये आली. ‘पौर्णिमा’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा आणि ‘स्थिती’ची पहिली वेलांटी सुटी पडायची. यावर उपाय साधा आहे: ॲपमध्ये मराठी टाइपच करायचं नाही. सगळी शीर्षकं आणि नावं पॉवरपॉइंटच्या किंवा लिब्रेऑफिस इम्प्रेसच्या स्लाइडवर लिहायची, स्लाइड चित्र म्हणून साठवायची आणि ते चित्र व्हिडिओत टाकायचं. अक्षर तुटत नाही. तिसरी गोष्ट ल आणि श यांची. राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयानुसार ही अक्षरं मराठी वळणाची हवीत, आणि संगणकात आयते असलेले फॉन्ट बहुधा हिंदी वळण देतात. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मला चालला. आमच्या पद्धतीप्रमुखांनी या दोन अक्षरांपायी कितीतरी फाईली परत पाठवल्या. तेव्हा राग आला होता. पण सातवीचं पोर तेच अक्षर गिरवणार आहे म्हटल्यावर त्यांचं चुकत नव्हतं.

चित्रांचे हक्क हा भाग कॉलेजात कुणी शिकवत नाही, पण फाईलमध्ये ‘स्वनिर्मितीचं प्रतिज्ञापत्र’ मात्र सही करून घेतात. पाठ्यपुस्तक उघडून पहिली पानं वाचा. संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे पुस्तकातली आकृती स्कॅन करून व्हिडिओत टाकायची नाही. गूगलवरून उचललेल्या चित्रांचंही तेच. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो: नुसतं श्रेय द्यायचं, की श्रेय देऊन आपलं कामही त्याच परवान्याखाली खुलं करायचं, ते तिथे कळतं. नासाची चित्रं शैक्षणिक कामाला सहसा मोकळी असतात, श्रेय द्यायचं. मी पहिल्या दिवसापासून एका वहीत चित्र, दुवा, परवाना आणि तारीख लिहीत गेले. शेवटी श्रेयनामावली त्या वहीवरून तासाभरात झाली.

आकाशासाठी स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की आपल्या क्षितिजावरचा चंद्र दिसतो, तारीख पुढे सरकवली की तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीला चंद्रोदय इतक्या उशिरा का, हे दिनदर्शिका बघणाऱ्या घरातल्या मुलांना इथे आपोआप कळतं. स्क्रीन ओबीएसने रेकॉर्ड केली. लॅपटॉप तापून बंद पडत होता, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत.

दिवाळीच्या सुट्टीत मुख्य चित्रीकरण. माझा सगळ्यात आवडता भाग हाच, आणि त्याला एक रुपयाचंही सॉफ्टवेअर लागलं नाही. मला मुलांना पृथ्वीवरून दिसणारा चंद्र दाखवायचा होता, वरून दिसणारी आकृती नव्हे. मग कॅमेराच पृथ्वीच्या जागी ठेवला. खोलीच्या एका टोकाला शेड काढलेला टेबललॅम्प, तो सूर्य. मधोमध फिरती खुर्ची, तीवर मी. डाव्या हातात फोन, उजवा हात लांब करून विणायच्या सुईला टोचलेला थर्माकोलचा चेंडू. दादा खुर्ची हळूहळू डावीकडे फिरवणार. दिव्याकडे तोंड केलं की चेंडूची माझ्याकडची बाजू काळी, ती अमावस्या. थोडं वळलं की उजव्या कडेला कोर उगवते, काटकोनात अर्धा चेंडू उजळतो. पडद्यावर ते बघताना दादासुद्धा म्हणाला, ‘अरे, एवढं सोपं होतं?’

सोपं नव्हतं. पांढऱ्या भिंतींवरून उजेड परत येऊन काळी बाजू राखाडी दिसत होती, तेव्हा आजोबांची घोंगडी आणि आईचे गडद शालू भिंतीला लावले. फोन अंधार दिसला की आपणहून चित्र उजळ करतो आणि अमावस्येला पौर्णिमा करून ठेवतो. त्यासाठी पडद्यावर चेंडूवर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर तिथेच बांधले जातात. आणि मग ऐन पौर्णिमेला, दिव्याकडे पाठ करून चेंडू समोर धरला की दर वेळी माझ्या डोक्याची सावली त्याच्यावर! आधी वैताग आला. मग हात थोडा उंच केला, चेंडू सावलीच्या वरून गेला आणि पूर्ण उजळला. ग्रहण दर पौर्णिमेला का होत नाही, त्याचं उत्तर हातात होतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण 5 अंशांचा कोन करते, त्यामुळे चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. संहितेत हे वाक्य होतंच, आता चित्रही मिळालं. सावली पडलेला तो तुकडा मी काढला नाही, ‘ग्रहण’ म्हणून तसाच ठेवला.

खऱ्या चंद्राचे फोटो भाऊबिजेपासून काढायला सुरुवात केली, 15 नोव्हेंबरला. सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ कोर दिसली, उजवीकडे खाली कललेली. रोज एकाच गच्चीवरून, जमेल तेव्हा एकाच वेळी. पौर्णिमेच्या सुमाराला अवकाळीचं आभाळ आलं आणि दोन-तीन चौकोन रिकामे राहिले. तक्त्यात तिथे ‘ढग’ असं लिहिलं. मॅडमना ते आवडलं.

आवाजाबद्दल थोडक्यात. आमच्या घरामागे पिठाची गिरणी आहे, त्यामुळे रेकॉर्डिंग पहाटे, कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून. कपडे घुमारा खातात. कॉलर माईक घेतला, पण पंखा बंद ठेवणं त्याहून जास्त कामाचं. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला काही सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवली की खरखर काढता येते. माझं बोलणं माणदेशी आहे, ‘आणि’चं ‘आनि’ होतं. एका प्राध्यापकांनी आवाज दुसऱ्या कुणाचा घे असं सुचवलं. दोन दिवस खूप वाईट वाटलं. मग मॅडम म्हणाल्या, शब्द शुद्ध कर, आवाज तुझाच राहू दे. शाळेत एकाही मुलाने उच्चाराबद्दल काही म्हटलं नाही, उलट ‘मॅडम, तुम्हीच बोलताय का?’ म्हणून खूश झाली. एडिटिंगवर फार लिहिण्यासारखं नाही. कापा, जोडा, पार्श्वसंगीत ठेवायचंच असेल तर अगदी बारीक ठेवा. माझ्यात नाहीच.

छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांचा असतो. आमचा बराचसा दिवाळीनंतर होता. शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘तो पाठ जुलैतच झालाय, मॅडम. उजळणीचा तास देतो.’ पहिल्या सत्रातला पाठ निवडला की हे होणारच. विषय ठरवताना शाळेचं वार्षिक नियोजन बघा, माझं काम उजळणीवर भागलं, मैत्रिणीला मात्र विषय बदलावा लागला. मुलांचे फोटो-व्हिडिओ काढायचे असतील तर मुख्याध्यापकांच्या नावे आधी अर्ज द्या. आम्हाला मागच्या बाकावरून, चेहरे न दिसतील असे फोटो काढायची परवानगी मिळाली, आणि अहवालाला तेवढे पुरतात.

तास 19 डिसेंबरला होता. आदल्या दिवशी जाऊन टीव्हीवर व्हिडिओ लावून बघितला म्हणून वाचले. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला टीव्ही, थोडा जुना. पेनड्राइव्हच दिसेना, कारण तो एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला नव्हता. तो केला तर आवाज येतोय आणि चित्र नाही. फोन हल्ली एच265 मध्ये व्हिडिओ साठवतात, जुन्या टीव्हीला तो उमगत नाही. घरी जाऊन एच264 मध्ये एमपी4 काढला. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ पाठवलात तर तो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. खिडक्यांना पडदे नसतात, चादरी आणि सुतळी सोबत न्या.

व्हिडिओच्या पाचव्या मिनिटाला लाईट गेली. इन्व्हर्टर ऑफिसपुरता. चेंडू आणि टॉर्च पिशवीत होताच. मुलांना गोल उभं केलं, प्रत्येकाने चेंडू धरून स्वतःभोवती गिरकी घेतली. हे व्हिडिओपेक्षा जास्त रंगलं हे कबूल करायला हवं. एका मुलीने विचारलं, ‘सकाळी शाळेला येताना पण चंद्र दिसतो की, तो कुठला?’ तिला चेंडू धरून उत्तरार्धातल्या अष्टमीच्या जागी उभं केलं, तिचं तिलाच कळलं. लाईट आल्यावर उरलेला व्हिडिओ बघितला. चाचणी गूगल फॉर्मवर केली होती, पण मुलांकडे फोन कुठले? झेरॉक्स वाटल्या. तपासल्यावर दिसलं की ‘पृथ्वीच्या सावलीमुळे’ या पर्यायावर अजूनही बऱ्याच खुणा आहेत. काही मैत्रिणींनी आकडे ‘सरळ’ करायला सुचवलं. मॅडमनी मात्र जसं आहे तसं लिही म्हटलं, आणि पुढे काय करशील त्याचा परिच्छेद जोडायला लावला.

जानेवारी सह्यांचा. एक सही विषयतज्ज्ञाची, एक तंत्रस्नेही शिक्षकाची. तंत्रस्नेही म्हणून ओळखले जाणारे सर तालुक्यात मोजके, आणि सगळ्या कॉलेजांची मुलं त्यांच्याच दारात. डिसेंबरातच फोन करून वेळ घ्या, व्हिडिओचा दुवा आधी पाठवा, जाताना प्रमाणपत्राचा मजकूर टाइप करून न्या. यूट्यूबवर चढवताना दुवा असलेल्यांनाच दिसेल असा पर्याय ठेवला. क्यूआर कोड बनवताना सांभाळा: काही मोफत संकेतस्थळांचे कोड ठरावीक दिवसांनी बंद पडतात. थेट दुव्याचा, मध्ये कुणी नसलेला कोड घ्या आणि छापण्याआधी दोन-तीन फोनवर स्कॅन करून बघा.

खर्च असा झाला: कॉलर माईक 450, पेनड्राइव्ह 350, चेंडू आणि सुई 60, झेरॉक्स 120, रंगीत प्रिंट 300, दोन सीडी भरून कव्हरसकट 120, दोन प्रतींचं बाइंडिंग 400. सगळे मिळून 1,800 रुपये. माईक मैत्रिणींनी मिळून घेतला तर बराच वाचेल. ‘तयार ई-आशय’ फाईलसकट विकणारे लोक कॉलेजच्या आसपास असतात. ते यापेक्षा जास्त मागतात आणि तोंडीला पहिल्याच प्रश्नात तुम्ही उघडे पडता.

तोंडी एप्रिलच्या सुरुवातीला झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी फाईल चाळली, चित्रांच्या परवान्यांची वही मागितली, मग चाचणीच्या पानावर थांबल्या आणि विचारलं, ‘इतकी मुलं चुकली, तर तुझ्या व्हिडिओचा उपयोग काय झाला?’ मी म्हटलं, व्हिडिओत आधी सावली दाखवली आणि मग कला, तो क्रम उलटा करून बघायचाय. त्यांनी मान हलवली आणि पुढचा नंबर बोलावला. आता मेमध्ये तोच क्रम बदलतेय, कच्चे तुकडे जपून ठेवले होते म्हणून जमतंय. तुम्हीही ते निकाल लागेपर्यंत पुसू नका.

सीडी कुणी लावून पाहिली नाही, कारण तिथल्या लॅपटॉपला ड्राइव्हच नव्हता. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून दाखवला. पण सीडीशिवाय फाईल जमा करून घेत नाहीत आणि यंदाच्या नोटिशीतही ती अट तशीच आहे असं ऐकते. तेव्हा सीडी भरून देणारं दुकान आत्ताच हेरून ठेवा. आमच्या तालुक्यात एकच उरलंय, एसटी स्टँडच्या मागे, आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते.